ब्लॉग फुकटात गाजवायचाय? मग आधी लिहिणं थांबवा

ब्लॉग सुरू केलात ना? अभिनंदन. आता लिहिणं बंद करा. निदान सहा महिने तरी, कारण लिहिण्याइतकी वेळखाऊ गोष्ट दुसरी नाही आणि ब्लॉग गाजवायचा तर तुमचा सगळा वेळ तिकडे लागणार. मी वेडा, आधी नाशिकच्या रहाडींवर लेख लिहीत बसलो. शनी चौक, तिवंधा, जुनी तांबट लेन, दिल्ली दरवाजा असं उन्हात फिरलो, पेशवाईपासूनचे हे रंगाचे हौद वर्षभर बुजवून ठेवतात आणि रंगपंचमीला उकरून उघडतात, मग लोक त्यात धप्पा मारतात, हे सगळं म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून लिहिलं. तीन आठवडे गेले. तेवढ्यात माणूस चौदा फेसबुक ग्रुप जॉईन करतो.

तर पहिलं काम लोगो. कॅनव्हा फुकट आहे, फक्त जो फोटो तुम्हाला आवडेल त्यावर नेमका मुकुट असतो, म्हणजे तो पैसेवाल्यांचा. बॅनरवर रामकुंड, द्राक्षाचा घड आणि मिसळ तिन्ही बसलंच पाहिजे, नाहीतर नाशिक आहे हे नाशिककरांनाच कळत नाही. मराठी फॉन्ट निवडायला चार दिवस द्या आणि शेवटी तोच घ्या जो तुमच्या चुलतभावाच्या लग्नपत्रिकेवर होता.

मग व्हॉट्सअ‍ॅप. इथे टायमिंग महत्त्वाचं. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकायची बेस्ट वेळ म्हणजे नळाला पाणी नाही, टँकर कधी येणार म्हणून अख्खी बिल्डिंग मोबाइलला डोळे लावून बसलीये तेव्हा. मोबाइल वाजला की सगळे झडप घालतात, आणि उघडून बघतात तर काय, रहाडी! पाण्याने भरलेल्या! (त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला लिफ्टमधे बघून जिना घेतला.) ब्रॉडकास्ट लिस्टही करा, एका लिस्टमधे 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, त्यामुळे आपण किती जणांच्या फोनमधे आहोत हे फुकटात कळतं. मला कळलं. आणि हो, 27 फेब्रुवारीला लिंक अजिबात टाकू नका, त्या दिवशी सगळे मराठीचा अभिमान फॉरवर्ड करण्यात बिझी असतात, मराठी वाचायला वेळ कोणाला.

आता लिंक. लिंक मराठीतच ठेवा, आपली भाषा आपण नाही जपायची तर कोणी. मित्राच्या सर्व्हरच्या एका कोपऱ्यात माझं फुकटातलं वर्डप्रेस आहे, तिथे मी लेखाचा पत्ता झोकात 'नाशिकच्या-रहाडी' असा ठेवला. ब्राउजरमधे दिसतो पण काय सुंदर. कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की एकेका मराठी अक्षराची, काना-वेलांटीचीसुद्धा, टक्क्याच्या खुणांसकट नऊ नऊ चिन्हं होतात. दोन शब्दांचे झाले सव्वाशे! टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का... असं चार ओळी. आमच्या शाळेच्या ग्रुपवर ते पडलं आणि दहा मिनिटांत एका बॅचमेटच्या काकांपर्यंत गेलं, हे काका रिटायर्ड आहेत आणि फोनवरच्या फ्रॉडबद्दल समाजाला सावध करणं हे त्यांनी आयुष्याचं काम मानलंय. त्यांनी माझी लिंक जशीच्या तशी चिकटवून खाली लिहिलं, सावधान, नाशिकमधे नवीन फ्रॉड आलाय, रंगपंचमीच्या नावाखाली ही लिंक फिरतेय, क्लिक करू नका, खातं रिकामं होतं, आपल्या माणसांना जरूर पाठवा.

आणि लोकांनी पाठवलं ना राव! माझा लेख तीन आठवड्यांत एकाने फॉरवर्ड केला होता, तो पण माझ्याच बहिणीने, आणि काकांचा इशारा संध्याकाळपर्यंत सिडको, सातपूर, नाशिकरोड करत माझ्या मावशीकडून मलाच परत आला. वर 'बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का. हा शिक्का बसलेला मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी ढकलता येतो, तरी लोकांनी एकेक करून ढकलला, एवढे कष्ट माझ्यासाठी कोणी कधी घेतले नव्हते.

इन्स्टाचं थोडक्यात सांगतो. तिथे पोस्टखाली लिंक लिहिली तर ती दाबताच येत नाही, म्हणून 'लिंक बायोमधे' असं लिहायचं, आणि बायोपर्यंत कोणी जात नाही. रहाडीचं रील 41 जणांनी बघितलं. मग वैतागून मिसळीवर तर्री ओततानाचं रील टाकलं, ते नऊ हजारांवर गेलं, खाली फक्त 'कुठली?' 'पत्ता?' 'पाव की ब्रेड?' अशा कमेंट. आता मी ब्लॉगचा मिसळवाला म्हणून प्रसिद्ध आहे, ब्लॉगवर मिसळीबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्यांच्या ब्लॉगखाली 'छान लेख, माझाही वाचा' करत लिंक डकवत फिरायचं हेही करून घ्या. कमेंटमधल्या लिंकला गूगलने भाव देऊ नये म्हणून 2005 मधेच नोफॉलो नावाची खूण आलीये, पण आपण कष्ट सोडायचे नाहीत. कीवर्डचा टॅगही, म्हणजे पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी, ठासून भरा, 'नाशिक नाशिक बेस्ट नाशिक'. क्रमवारी लावताना तो टॅग आम्ही बघतच नाही असं गूगलने 2009 मधे सांगून टाकलंय, तरी भरा. देवाला नारळ फोडतो तेव्हा पावती मागतो का आपण?

खरी मजा अ‍ॅनालिटिक्समधे आहे. ब्लॉगवर किती जण, कुठून आले ते मोजणारी ही सोय फुकट आहे, आणि एकदा लावली की झोप उडते. मला रोज मुंबईचे तीन वाचक दिसायचे, मी खूश, दादर असेल पार्ला असेल, मग लक्षात आलं की मोबाइलच्या नेटवरून गाव नीट कळत नाही आणि कॉलेज रोडवर चहा पीत स्वतःचाच ब्लॉग उघडणारा मी तिकडे मुंबईकर म्हणून मोजला जातोय. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न नावाच्या गावातूनही वाचक यायचे. मी बायकोला सांगितलं, परदेशात वाचतात म्हणून. अ‍ॅशबर्नला डेटा सेंटर्स आहेत, तिथून बॉट, म्हणजे माणसाशिवाय फिरणारे प्रोग्रॅम, येतात, ते रात्री तीनला येतात आणि शून्य सेकंदात वाचून जातात. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

पण एक मनमाड होतं. काकांच्या इशाऱ्यानंतर दोन दिवसांनी उगवलं. रोज रात्री साडेदहाच्या सुमारास मनमाड, एक वाचक, सहा मिनिटं, कधी अकरा. रहाडी वाचून झाल्यावर जुने लेखही वाचायला लागला, तांबट आळीचा, सरकारवाड्याचा, ज्यावर मीही परत गेलो नव्हतो. खातं रिकामं होईल म्हणून सांगितलं असताना हा पठ्ठ्या आत शिरला आणि बसला.

असा वाचक सापडला तर त्याला सोडायचं नाही. मी लगेच पॉपअप लावला, फुकट प्लगिन मिळतं, पान उघडलं की मधोमध चौकट, 'ईमेल द्या, आमच्या परिवारात सामील व्हा'. ती बंद केली की नोटिफिकेशनची परवानगी. ती नाकारली की खालून वर सरकत येणारी शेअर बटणं, आणि लेखाच्या वर माझा हसरा फोटो, 'मनमाडकर वाचकहो, तुम्ही कोण? कमेंट करा ना!'

दुसऱ्या दिवशी मनमाड चाळीस सेकंद. तिसऱ्या दिवशी नाही. पॉपअप काढला, फोटो काढला, आता पाच आठवडे झाले.

तो इशारा परत एकदा फिरवता येईल का म्हणून काकांना मेसेज केलाय. ब्लू टिक आलीये, अजून रिप्लाय नाही.