एका शोधाचा भार कोण उचलतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा राग समजतो आणि त्यातला काही भाग रास्त आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सोलसीकवर, म्हणजे लोक आपापल्या संगणकावरच्या फायली एकमेकांना देतात त्या जाळ्यावर, ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरचं नाट्यसंगीत कसं शोधायचं, यावर मी गेल्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही ४०० गाण्यांची यादी एका स्क्रिप्टच्या हवाली केलीत. थोड्या वेळात फार शोध झाले म्हणून सर्व्हरने अर्ध्या तासासाठी बाहेर काढलं, परत आलात, पुन्हा तेच झालं. तुमचा आक्षेप असा की पीअर-टू-पीअर, म्हणजे संगणकांनी थेट एकमेकांशी बोलायचं, हे बिनमालकाचं जाळं, तिथे सर्च मोजून देणारे हे कोण? दोन खाती काढून ही मर्यादा चुकवता येते, ते मी सांगितलं नाही आणि "दमाने घ्या" म्हणून उपदेश केला.

आधी माझी चूक. "पाच सेकंदांना एक शोध चालतो" असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. याद्यांवरून सोलसीकवर गाणी शोधणारं स्लस्क-बॅचडीएल नावाचं एक साधन आहे. त्यात मुळातच २२० सेकंदांत ३४ शोध अशी मर्यादा घालून ठेवली आहे, आणि ती ओलांडली तर ३० मिनिटांचा बॅन बसू शकतो, असा इशाराही दिला आहे. पाच सेकंदांना एक म्हणजे २२० सेकंदांत ४४ झाले. माझं ऐकून चालणारा माणूसही अडकलाच असता. सात सेकंद धरा, म्हणजे ३१ होतात. लेखात दुरुस्ती केली आहे आणि तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो.

हेही तुमचं बरोबर की ही मर्यादा माणसाला आधी कळायला हवी. विशलिस्टचे, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा होणारे शोध किती वेळाने करायचे, ते सर्व्हर लॉगिन होताच क्लायंटला (तुमच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमला) कळवतो. साध्या शोधालाही तशी सोय असती, तर तुमची संध्याकाळ वाया गेली नसती.

पण मर्यादाच नको, हे मात्र मला अजिबात पटत नाही. बिनमालकाच्या जाळ्यात मर्यादा नसली की काय होतं, ते २००० सालीच दिसलं होतं. त्या वर्षी मार्चमध्ये नलसॉफ्ट या सॉफ्टवेअर कंपनीच्या जस्टिन फ्रँकल आणि टॉम पेपर यांनी ग्नुटेला हे फायली वाटायचं जाळं बाहेर आणलं. मधे सर्व्हर नाही. तुमचा शोध शेजारच्या मशिनांना जाणार, ती आपापल्या शेजाऱ्यांना देणार, असं सात टप्पे. प्रत्येक जण चौघांना जोडलेला धरला, तर पहिल्या टप्प्यात ४, मग १२, मग ३६ असं करत सातव्या टप्प्याला एकूण ४,३७२ मशिनांपर्यंत तो एक शोध पोचतो. त्यातल्या बहुतेकांकडे तुम्हाला हवं ते नसतंच, तरी निरोप पुढे ढकलायचं काम सगळ्यांना करावं लागतं. त्याच वर्षी गाणी वाटायच्या नॅपस्टर या सेवेवर कोर्टाची टाच आली, तिकडची गर्दी ग्नुटेलावर लोटली, आणि ५६ केच्या मोडेमवर बसलेल्यांच्या लाइनी निव्वळ दुसऱ्यांचे शोध वाहण्यात भरून गेल्या. तिथे कोणी कोणाला अडवलं नव्हतं, तरीही शोध अडकत होते.

सोलसीकची रचना वेगळी आहे, पण वाहणारी माणसंच आहेत. तुमचा शोध सर्व्हर वरच्या थरातल्या काही क्लायंटना देतो, ते आपल्या खालच्यांना देतात, असा तो झाडासारखा पसरतो. प्रत्येक मशीन आपल्या शेअर केलेल्या फायलींत बघतं आणि काही जुळलं तर थेट तुमच्याशी जोडणी करून निकाल देतं. तुमचा पोर्ट (बाहेरून तुमच्या मशीनशी जोडायची वाट) बंद असेल तर ती जोडणी जुळवायला पुन्हा सर्व्हरला मधे पडावं लागतं. एका शोधाला ३०० जणांकडून उत्तर आलं, तर ३०० जोडण्या झाल्या.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. २००९ साली आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर डीसी प्लस प्लस या फायली वाटायच्या प्रोग्रॅमचा हब (सगळ्यांना जोडणारा मधला सर्व्हर) चालायचा, रात्री हजार-बाराशे मुलं त्यावर असायची. मी एक स्क्रिप्ट लिहिली, दर दोन सेकंदांना एक सर्च, आणि जेवायला गेलो. मेसमधून येतो तो हब चालवणाऱ्या सीनियरचा निरोप, खोलीवर ये. त्याने काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवली. काळ्या खिडकीत ओळीमागून ओळ, सगळ्या माझ्या नावाच्या, वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने वर सरकत होत्या. "तू ३०० शोध टाकलेस," तो म्हणाला, "हबने प्रत्येक शोध बाराशे जणांना वाटला. कर गुणाकार." तीन लाख साठ हजार. शेजारच्या खोलीतल्या पोराचा जुना डेस्कटॉप तेवढ्या वेळात धड गाणंही वाजवत नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती स्क्रीन मी आजवर विसरलेलो नाही.

म्हणूनच दोन खात्यांची युक्ती मी लिहिली नाही आणि लिहिणारही नाही. मर्यादा खात्यावर मोजली जात असली तरी भार त्याच माणसांवर पडतो. खाती दोन केलीत की त्यांच्या माथी तो दुप्पट होतो.

तुम्ही असंही लिहिलंत की शोध चालू असताना घरचं नेटच बंद पडतं. तो सर्व्हरचा राग नव्हे. शेकडो निकाल एकदम यायला लागले की घरच्या स्वस्त राऊटरची जोडण्या लक्षात ठेवायची जागा भरून जाते आणि मग घरातल्या फोनचंही पान उघडत नाही. शोध कमी केलेत की हा त्रासही बहुतेक थांबेल.

आता तुमच्या यादीकडे वळू. सात सेकंदांना एक म्हटलं तरी ४०० शोध ४७ मिनिटांत होतात. दोन बॅनमध्येच तुमचा एक तास गेला! पण मुळात ४०० शोध लागतच नाहीत. या तबकड्या जमवणारा माणूस एखादंच गाणं ठेवत नाही, त्याच्याकडे गायकाचा आख्खा फोल्डर असतो. यादी गायकांप्रमाणे लावा, तीसेक नावं निघतील. एका नावाने शोधा, ज्याच्याकडे चार गाणी जुळली त्याच्या नावावर जाऊन त्याचा पूर्ण शेअर उघडून बघा. मला माझी निम्मी गाणी अशीच मिळाली, आणि त्यातली कित्येक तर यादीत नव्हतीच.

स्पेलिंगची भानगड वेगळीच. रोमन लिपीत कोणी बालगंधर्व हा एक शब्द करतं, कोणी बाल आणि गंधर्व असे दोन. शोध शब्दांवर चालतो, त्यामुळे एकाने शोधलं की दुसरे निसटतात. निकोटीन प्लस या सोलसीकच्या क्लायंटमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या अक्षरांऐवजी तारा (*) टाकता येतो. 'गंधर्व'मधला पहिला 'ग' काढून तिथे तारा ठेवा, म्हणजे जोडलेलं आणि तोडलेलं दोन्ही एकाच शोधात येतं.

यातूनही जी उरतील ती विशलिस्टमध्ये टाका. निकोटीन प्लस साधारण दर १२ मिनिटांना त्यातला एक शोध आपणहून करतो. देणगी देऊन विशेष सवलत घेतलेल्यांना २ मिनिटांना. ४०० नोंदी असतील तर एका फेरीला तीन दिवस आठ तास लागतील, पण पंचवीस उरल्या तर पाच तासांत फेरी पुरी होते. रात्री लावून झोपा.

आणखी एक. तुमच्या यादीत १९७० नंतरच्या काही लाँगप्ले दिसल्या. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, त्या अजून हक्काखाली आहेत. तेवढ्या यादीतून काढा.

आजोबांच्या कपाटातल्या साठेक तबकड्या तुम्ही स्वतः डिजिटल करून ठेवल्या आहेत, असं ओझरतं लिहिलंत. त्यातल्या जुन्या तबकड्या सोलसीकवर शेअर कराल का? फोल्डरच्या नावात गायकाचं नाव रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत द्या, तबकडीचा नंबर द्या. यादी मला पाठवलीत तर गायकांप्रमाणे मीच लावून देतो, आणि माझ्याकडचे फोल्डर रोज रात्री आठनंतर उघडे असतात.