मुंगी राहू द्या, तिची रसद तोडा

मुंग्या झाल्या की आपण खडूची रेघ ओढतो आणि गड जिंकल्यासारखे बसतो. ऑस्ट्रेलियाने ख्रिसमस बेटावर बरीच वर्षं जवळपास हेच केलं, फक्त हेलिकॉप्टरमधून.

जावाच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातलं हे जेमतेम 135 चौरस किलोमीटरचं बेट. पावसाला सुरुवात झाली की इथले लाल खेकडे कोट्यवधींनी समुद्राकडे निघतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘यलो क्रेझी अँट’ इथे येऊन पोचली. पिवळसर, लांब पायांची, सैरावैरा पळणारी. कित्येक दशकं गप्प होती. 1989 मध्ये पहिली महावसाहत सापडली आणि चित्र पालटलं. एका वसाहतीत राण्या अनेक, शेजारच्या वारुळाशी भांडण नाही. नवी राणी कामकरी मुंग्या घेऊन चालतच पलीकडे जाते आणि संसार थाटते. काही ठिकाणी चौरस मीटरमागे 2000 हून जास्त मुंग्या मोजल्या गेल्या. त्या फॉर्मिक आम्ल उडवतात. ते डोळ्यांत, सांध्यांत गेलं की खेकडा आंधळा होऊन मरतो. असे कोट्यवधी मेले. पाचोळा आणि कोवळी रोपं खाणारं कुणी उरलं नाही, रान माजलं. वर आफ्रिकी गोगलगाय घुसली ती वेगळीच!

2002 मध्ये माशाच्या भुकटीत फिप्रोनिल हे कीटकनाशक घालून ते हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकलं. मुंग्या मेल्या, नाही असं नाही. पण नारळी खेकड्यांनाही ती भुकटी आवडायची, म्हणून त्यांना लांब ठेवायला दुसरीकडे खाणं टाकत बसा. आणि काही वर्षांत नव्या वसाहती हजर.

कारण त्यांचा शिधा चालूच होता. जास्वंदीच्या फांदीवर पिठ्या ढेकणाभोवती मुंग्यांची लगबग पाहिली असेल. किडीच्या मागून येणारा गोड थेंब त्या टिपतात, बदल्यात तिची राखण करतात. बेटावर हा थेंब पुरवत होती लाखेच्या किड्याच्या भाऊबंदांपैकी एक पिवळी खवले कीड. तीही परकीच. ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्या अंगात अंडी घालणारी, दोनेक मिलिमीटरची गांधीलमाशी मलेशियात शोधली. 2016 च्या अखेरीस ती बेटावर सोडली. खरं काम हे, असं माझं ठाम मत आहे.

‘पुन्हा परका किडा आणायचा?’ शंका रास्त आहे. उसावरचे भुंगे मारायला 1935 मध्ये केन टोड नावाचे परदेशी बेडूक आणून याच देशाने हात पोळून घेतलेत. म्हणून तर आधी चाचण्या झाल्या, बेटावरच्या इतर खवले किडींना ती हात लावत नाही हे तपासलं. यात वर्षं गेली. हेलिकॉप्टरचा फोटो लगेच पेपरात येतो, प्रयोगशाळेतल्या वर्षांचा कुणी काढत नाही.

2022 मध्ये तमिळनाडूत दिंडिगलजवळच्या करंदमलईच्या गावांत हीच मुंगी गुरांच्या डोळ्यांवर चढत असल्याच्या बातम्या होत्या. मी तिथला वनाधिकारी असतो तर फवारणीचे पंप बाहेर काढण्याआधी झाडांवर माणसं चढवली असती. कुठल्या झाडावर कुठली खवले कीड आहे, एवढी यादी आधी हातात हवी.