तुमच्या बॅकअप ड्राइव्हबद्दल: नावं कशी गेली आणि अजून काय करता येईल

नमस्कार. बिघडलेल्या ड्राइव्हमधला डेटा काढायला आम्ही तीन आठवडे लावले, फाइलींची नावं गायब, काही फोटो खालून राखाडी आणि हेच काम फुकटच्या सॉफ्टवेअरने झालं असतं, असं तुम्ही लिहिलं आहे. खरी नड नावांची आहे, म्हणून आधी तीच घेतो.

एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइली मांडण्याच्या पद्धतीत, प्रत्येक फाइलची साधारण १ केबीची नोंद असते. फाइलचं नाव त्यात, आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे कुठे पडलेत तेही त्यातच. ड्राइव्ह आमच्याकडे येण्याआधी त्यावर दोनदा चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चाललं होतं. त्याचा लॉग ड्राइव्हवरच, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन फोल्डरमध्ये आहे. ड्राइव्हमधल्या चार हेडांपैकी (डेटा वाचणारे-लिहिणारे भाग) एक धड वाचत नव्हतं. त्यामुळे ज्या नोंदी नीट वाचता आल्या नाहीत, त्या चेकडिस्कने खराब ठरवून काढून टाकल्या. ते फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवतं, डेटा वाचवत नाही. ड्राइव्ह खटखट वाजत असताना ते चालवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

नोंद गेली की फाइल सुरुवातीच्या खुणेवरून शोधावी लागते. जेपेग फोटोची खूण म्हणजे सुरुवातीचे बाइट एफएफ डी८ एफएफ. फाइल कुठे सुरू झाली एवढंच ती सांगते, पुढचा तुकडा कुठे आहे ते नाही. फाइल सलग असेल तर अख्खी मिळते. विखुरलेली असेल तर मध्येच भलत्याच फाइलचे बाइट जोडले जातात आणि फोटो तिथून खाली राखाडी होतो. व्हिडिओचं तर त्याहून अवघड, कारण कॅमेरे बहुधा एमपी४ची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी लिहितात, आणि ती सापडली नाही तर व्हिडिओ चालत नाही.

फाइली परत मिळवणारं फोटोरेक हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, फुकट आहे, आणि चुकून डिलीट झालेल्या फाइलींसाठी आम्हीही तेच सुचवतो. पण बिघडलेलं हेड कुठल्याच सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. उलट तसंच वाचत राहिलं तर प्लॅटरवर (डेटा साठवणाऱ्या चकतीवर) ओरखडे पडतात, आणि ओरखडलेल्या जागेतलं पुढे कुणालाच मिळत नाही.

वेळेचा हिशोब असा. ज्याची हेडं काढून तुमच्या ड्राइव्हला बसवायची तो डोनर ड्राइव्ह नुसता त्याच मॉडेलचा असून भागत नाही. हेडांची संख्या आणि प्रीअँपही (हेडांचा सिग्नल वाढवणारी चिप) जुळावा लागतो, तो मिळेपर्यंत थांबावं लागलं. त्यानंतर २ टीबीची इमेज, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत. धडधाकट ड्राइव्ह सेकंदाला १०० एमबीने साडेपाच-सहा तासांत वाचून होतो. तुमचा बराच वेळ सेकंदाला २ एमबीच्या आसपास होता; सगळा त्याच वेगाने वाचला असता तर साडेअकरा दिवस लागले असते. आधी सोपा भाग उचलायचा, अडलेल्या जागा नंतर थोड्या थोड्या करून वाचायच्या. घाई केली तर नवं हेडही जातं.

आमची चूक ही की डेटा हातात देण्याआधी फाइलींची यादी दाखवून ‘यांची नावं परत येणार नाहीत’ हे सांगायला हवं होतं. ते राहिलं, त्याबद्दल माफ करा.

फोटोंची बरीच भरपाई अजून करता येईल. नाव गेलं तरी फोटो काढल्याची तारीख-वेळ बहुतेक जेपेगच्या आत एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फोटोसोबत लिहिलेल्या माहितीत) राहते. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने त्यावरून नावं देऊन वर्ष-महिन्यांचे फोल्डर लावता येतात. इमेज आमच्याकडे आहे, तुम्ही होकार कळवलात की हे काम विनाशुल्क करून देऊ. वर्ड-एक्सेलच्या फाइलींमध्ये शीर्षक भरलेलं असेल तर तेही वापरू. तोवर मूळ ड्राइव्ह कुठेही जोडू नका, आणि दिलेल्या डेटाची दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत काढून ठेवा.