अपघात घडवून आणायची रीत

अभिनंदन! तुमच्या लेपर्ड गेकोने, म्हणजे पाळीव ठिपकेवाल्या पालीने, अंडी घातली. दोन, पांढरी, लांबट, हाताला किंचित चिवट लागणारी. आता पहिलं काम म्हणजे कपाळावर हात मारून "अरे देवा, हे कसं झालं?" असं म्हणायचं. घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नर आणि मादी एकाच काचेच्या पेटीत वर्षभर ठेवल्यावर असं काही होतं, हे तुम्हाला बिचाऱ्यांना कुठून कळणार?

पण असा अपघात नीट पार पडायला तयारी लागते, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

प्राणी आणताना एक आणू नका, एकटा कंटाळतो. या सरपटणाऱ्या प्राण्यांतले बहुतेक एकटेच राहणारे असतात आणि शेजारी आला की वैतागतात, हे खरं. पण तुम्हाला एकटं करमत नाही ना? मग झालं. विकणारा "दोन्ही माद्याच आहेत" म्हणाला की मान डोलवा. बोटाएवढ्या पिल्लाचं लिंग ओळखणं त्यालाही अवघडच, पण त्याचा आत्मविश्वास पाहता शंका काढणं बरं दिसत नाही. पुढे काही महिन्यांनी एकीच्या शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे येतील, मागच्या पायांच्या मधोमध मेणकट ठिपक्यांची टोकदार रांग दिसेल. तेव्हा शंकेची पाल चुकचुकली तर दुर्लक्ष करा. खरी पाल पेटीत आहे, तिचे फोटो काढा.

बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाले सरडे, असतील तर व्हिडिओच काढा. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून दिव्याखाली शेकत बसलेला असतो. किती ते प्रेम! खालचा आपला पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवतो. आपल्याला वाटतं टाटा करतोय. तो म्हणत असतो, "तू मोठा, मी लहान, मला मारू नकोस." पण व्हिडिओला आवाज नसतो, तेव्हा तुम्हाला हवं ते गाणं लावा.

मादीचं वय, वजन या फंदात पडू नका. ती अजून स्वतःच वाढत असते. अंड्यांच्या कवचाला लागणारं कॅल्शियम खाण्यातून मिळालं नाही तर ती हाडांतून काढून देते. मग पाय थरथरतात, जबडा मऊ पडतो. कधी अंडं पोटातच अडतं आणि डॉक्टरांकडे धावावं लागतं, आणि सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर मिळेपर्यंत बराच वेळ जातो. या भागाबद्दल विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

आता अंडी. खरं कौशल्य इथे आहे, कारण नुसती पेटीत राहू दिली तर बहुतेक वेळा ती सुकून पिचकतात आणि अपघात तिथेच संपतो. तसं होऊ द्यायचं नसेल तर आधी शिसपेन्सिलीने प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला फुली मारा. पक्ष्याची अंडी फिरवतात, ही फिरवायची नसतात; आतला जीव कवचाला चिकटून वाढतो, बाजू उलटली की मरू शकतो. मग डबा आणा, त्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं भुसभुशीत खनिज) भरा, इन्क्युबेटर मिळवा, थर्मोस्टॅट लावा. आठवडाभराने अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याला टेकवा. आत गुलाबी उजेड पसरतो आणि त्यात केसाएवढ्या लाल रेघा दिसतात. त्या पाहून तुमच्या डोळ्यांत पाणी येईल. मग रोज तापमान बघा. 26 अंशांच्या आसपास ठेवलंत तर बहुतेक माद्या होतील, 32 च्या आसपास बहुतेक नर. म्हणजे या अपघातात मुलगा हवा की मुलगी, हेही तुम्हीच ठरवायचं. असे साधारण दोन महिने जागरण केल्यावर पिल्लं बाहेर आली की सगळ्यांना सांगा, "आमच्या ध्यानीमनीही नव्हतं हो!"

मध्येच कोणीतरी आगाऊ भेटेल आणि सुचवेल, की नको असलेली अंडी घातली त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवावीत, जाणते पाळणारे तसंच करतात. यावर भडका. "मी जीव घेऊ?" असं विचारा. नंतर ड्रॅगनच्या एका खेपेला वीसेक पिल्लं निघतील, दिवसातून दोन-तीनदा जिवंत किडे मागतील, आणि कमी पडले की भावंडांची बोटं नि शेपटीची टोकं कुरतडतील. त्याला जीव घेणं म्हणत नाहीत. त्याला निसर्ग म्हणतात. निसर्गात मादीला नरापासून पळून जायला माळरान असतं आणि इथे सरड्याची धाव काचेपर्यंत, असला फाटा कोणी फोडला तर विषय बदला.

बदलायला विषयही देतो. सांगा, की 2020 साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथन (अजगराची एक जात) मादीने सात अंडी घातली, आणि पंधराहून जास्त वर्षं तिच्या जवळपास नर फिरकला नव्हता. गोष्ट खरी आहे. नराशिवाय पिल्लं होणं काही जातींत घडतं. ऐकणारा चाट पडेल, आणि तेवढ्यात तुमच्या पेटीतल्या ठिपकेवाल्या महाशयांवर पटकन फडकं टाका.

बॉल पायथनच असतील तर मॉर्फची, म्हणजे पैदाशीतून जपलेल्या रंग-नक्षीच्या प्रकाराची, चौकशीही नको. 'स्पायडर' मॉर्फचं नक्षीकाम फार देखणं. त्याच जनुकासोबत डोकं डुगडुगणं येतं, भक्ष्यावर झेप मारताना नेम चुकतो. पण फोटोत डोकं कुठे हलतं?

उरला पिल्लांचा बंदोबस्त. "चांगल्या घरी द्यायची आहेत" अशी जाहिरात करा. चांगलं घर म्हणजे ज्याने पहिला फोन केला त्याचं. गेको पंधरा-वीस वर्षं जगतो हे त्याला सांगू नका, घाबरेल. आणि देताना भावाबहिणीची जोडीच द्या. एकटा कंटाळतो. कासवं उरली तर तळं आहेच. लाल कानाच्या कासवाची गणना जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींत होते, ती तुमच्यासारख्याच दयाळू माणसांच्या कृपेने.

हे सगळं मी इतक्या अधिकाराने सांगतोय, कारण माझ्याकडे मंदा आणि नंदा नावाच्या दोन गेको-बहिणी होत्या. पुढे नंदाचा नंदू झाला. मीही टॉर्च लावून रेघा पाहिल्या, मीही "ध्यानीमनी नव्हतं" म्हणालो. नंतर नंदूला दुसऱ्या टँकमध्ये हलवलं आणि सुटलो असं वाटलं. महिन्याभराने मंदाने पुन्हा दोन अंडी घातली. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि एका भेटीवर त्या हंगामात अनेकदा अंडी घालू शकते, हे मी त्या रात्री वाचलं. अंडी पिशवीत घातली, पिशवी डब्यात, आणि डबा फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे. झाकणावर पेनाने लिहिलं, 'खायचं नाही'. घरचे अजून विचारतायत आत काय आहे.