सुकी दगडी भिंत, आरसीसी आणि मागे तुंबणारे पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. कोकणातील उताराच्या परसात चार फुटांपर्यंतची माती धरायला सिमेंटाशिवाय रचलेली दगडी भिंत पुरेशी असते, या माझ्या विधानाला आपला आक्षेप आहे. जुन्याच्या ओढीपायी मी लोकांना धोक्यात लोटतो आहे आणि जुलै २०२१ सारख्या पावसात आरसीसीखेरीज, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटखेरीज, काहीही टिकणार नाही, असे आपण लिहिले आहे. आरोप गंभीर आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी डोंगराचा उतारच खाली आला. तशा जागी परसातील भिंत कशाचीही बांधली तरी ती संरक्षण देऊ शकत नाही, त्यामुळे तो दाखला या वादात मला लागू वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. भिंत पडते ती बहुतेक वेळा मागच्या मातीने नव्हे, तर त्या मातीत तुंबलेल्या पाण्याने. दीड मीटर उंच भिंतीमागे निचरा होणारी मुरमाड भर असेल, तर तिचा आडवा रेटा दर धावत्या मीटरला सुमारे पाऊण टन येतो. त्याच भरीत वरपर्यंत पाणी साचले, की एकट्या पाण्याचाच रेटा एक टनाच्या वर जातो आणि मातीचा रेटा धरून एकूण जोर दुपटीला पोहोचतो. सुक्या भिंतीत हे पाणी प्रत्येक सांध्यातून बाहेर पडते. आरसीसीत ते फक्त आपण ठेवलेल्या छिद्रांतून पडू शकते, आणि ती छिद्रे ठेवूनही त्यांच्यामागे खडीचा थर न देता थेट माती लोटलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. पहिल्या पावसात अशा छिद्रांतून गढूळ पाणी येते, म्हणजे भरीतली माती वाहू लागलेली असते. पुढे ती छिद्रे गाळाने बुजतात, भिंतीवर ओलीचे पट्टे उमटतात आणि मग तिला पोट येते. मागे फूटभर जाडीचा खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) आणि पाणी बाहेर नेणारा उतार या गोष्टी आरसीसीलाही तितक्याच आवश्यक आहेत.

सुकी भिंत म्हणजे दगडांवर दगड ठेवणे नव्हे, हे मात्र मी ठासून सांगेन. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको. दर्शनी बाजू मातीकडे कललेली हवी, सांधमोड पाळलेली हवी (म्हणजे एका थरातला उभा सांधा वरच्या थरातल्या सांध्याखाली येऊ नये) आणि मधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरणारे लांब दगड हवेत. सगळ्यात मोठे दगड पायात, तोही कठीण जमिनीवर. शक्य असेल तेथे जांभ्याच्या चिऱ्याऐवजी काळा दगड घ्यावा, कारण ही भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते आणि जांभा काळ्या दगडाच्या मानाने बराच हलका आहे. हे काम जाणणारे गवंडी कमी होत चालले आहेत, ही आपली तक्रार खरी आहे आणि मलाही तिची खंत वाटते.

आपल्या घरामागचा उतार आठ फुटांचा आहे, असे आपण लिहिले आहे. तेथे एकसलग सुकी भिंत मुळीच बांधू नका. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट आणि भिंत उलथवणारा जोर आठपट होतो. जागा असल्यास चार-चार फुटांच्या दोन भिंती कराव्यात आणि दोन्हींमध्ये किमान आठ फुटांचा सपाट टप्पा सोडावा, म्हणजे वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीवर फारसा येणार नाही. तेवढी जागा नसेल, तर माती तपासून घेऊन स्थापत्य अभियंत्याकडून आरसीसीच्या भिंतीचे आरेखन करून घ्यावे. तेथे मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. दोन्हींपैकी काहीही निवडले, तरी वरच्या अंगणाचे आणि छपराच्या पावळीचे पाणी पन्हळीने बाजूला काढण्याचे काम मिरगाच्या आधी उरकून घ्या.