टीडीएस मीटर बुडवला, नदी पास?

मुठेच्या काठावर उभं राहून कुणीतरी टीडीएस मीटर पाण्यात बुडवतं, आकडा पाचशेच्या आत दिसतो आणि फॉरवर्ड सुरू होतो: "पिण्याच्या पाण्याची मर्यादा 500, म्हणजे नदी स्वच्छ. मासे आहेत, पक्षी आहेत. उरलेली घाण वाहत्या पाण्यात आपोआप जाते. प्रदूषणाचे अहवाल हा नुसता बागुलबुवा."

आधी मीटर. तो पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. विष्ठेतले जंतू त्याला दिसत नाहीत, कुजणारी सेंद्रिय घाणही दिसत नाही. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मुळातच मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, त्यामुळे सांडपाणी मिसळूनही आकडा पाचशेच्या खाली राहू शकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आंघोळीच्या पाण्यालासुद्धा काय मागतात बघा: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जंतू वापरतात तो ऑक्सिजन) 3 मिलिग्रॅमच्या आत, विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू 100 मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त 2500. या यादीत टीडीएस नाहीच. बीओडीसाठी तर नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. खिशातल्या पेनासारख्या मीटरने होणारं काम नाही ते.

"मासे आहेत." आहेत ना, पण कोणते? चिलापी भारतात 1952 मध्ये आणली गेली. कमी ऑक्सिजनच्या गढूळ पाण्यातही ती तग धरते, पिल्लंही घालते. आफ्रिकी मांगूर तर थेट हवेतूनही श्वास घेतो. हे दोघे मिळाले म्हणून नदीला प्रशस्तिपत्र देता येत नाही. स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागणारा महासीर सापडला तर बोलू.

पक्ष्यांचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो, कारण तो मेसेजवाल्यावरच उलटतो. पुण्यात नदीच्या घाण पट्ट्यात लांब लाल पायांच्या शेकाट्यांचे थवे दिसतात. ते तिथे गाळातल्या किड्यांवर जगतात. त्यात असतात कायरोनोमिड माश्यांच्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या गाळातही त्या टिकतात. नदीचं आरोग्य तपासणारे नेमके हेच जीव मोजतात. ब्रिटनमधल्या बीएमडब्ल्यूपी या, पाण्यातल्या किड्यांवरून नदीला गुण देणाऱ्या पद्धतीत दगडाखाली राहणाऱ्या, स्वच्छ खळाळतं पाणी लागणाऱ्या मेफ्लाय नावाच्या कीटकांच्या काही कुळांना 10 गुण, या लाल अळ्यांना 2 आणि गाळातल्या बारीक गांडुळांना 1. बाटलीतला नमुना त्या क्षणापुरता असतो. पहाटे तीनला कुणी टँकर रिकामा केला, तर दुपारच्या बाटलीत तो सापडेलच असं नाही. दगडाखालचा किडा मात्र काही आठवडे, कधी काही महिने तिथेच असतो. तो गायब झाला तर काहीतरी घडलं आहे.

आणि "वाहत्या पाण्यात आपोआप जाते"? खळाळत्या, भरपूर पाण्याच्या नदीत काही प्रमाणात खरं, पावसाळ्यात तर नक्कीच. पण मुठेवरच्या खडकवासला धरणाचं पाणी एरवी कालव्यात आणि शहराच्या नळांत जातं. खाली नदीपात्रात वाहतं ते बहुतांशी सांडपाणी. शिवाय खळाळण्याने ऑक्सिजन वाढतो, सांडपाण्यातला फॉस्फरस उडून जात नाही. तो मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात पोहोचतो, तिथे शेवाळ पोसतो. सोलापूर शहराला पिण्याचं पाणी उजनीतून जातं.