‘कोरडा चैत्र म्हणालात आणि बेदाणा भिजला’: एका वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मग उत्तर लिहायला बसले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. मार्चच्या सुरुवातीला मी लिहिलं होतं की यंदा आपल्या भागात ऊन सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता आहे. दादा म्हणतात, त्या भरवशावर त्यांनी बेदाणा सुकवायच्या शेडचे पडदे सोडले नाहीत, पाडव्याआधी पाऊस आला आणि नऊ दिवसांचा माल रॅकवर भिजला. पुढं त्यांनी लिहिलंय, ‘शक्यता आहे, शक्यता आहे म्हणत दोन्हीकडून सुटायची सोय करून ठेवता. मोबाईलवर लोक तारखा देतात. पंचांगवाले निदान नक्षत्राचं वाहन तरी सांगतात. तुमच्या लिहिण्याचा शेतकऱ्याला उपयोग काय?’

आधी तुमच्या मालाबद्दल. नऊ दिवसांचा माल म्हणजे काय, हे मला सांगायला नको. आमचंही शेड सांगली जिल्ह्यातल्या नागजच्या बाजूलाच आहे. सुकवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या द्रावणातून काढून रॅकवर पसरलेल्या मण्याची साल आठ-नऊ दिवसांत आकसायला लागलेली असते. वरून सुरकुतलेला, दाबला तर आत अजून मऊ, बोटाला चिकटणारा. त्या सुरकुत्यांत पाणी शिरलं की निघत नाही. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग मळतो, तिसऱ्या दिवशी काळा पडतो, आणि सौद्यात त्या रंगाचा भाव कुणालाच परवडत नाही. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे भिजलेल्या प्रत्येक किलोमागं चार किलो द्राक्ष आणि वर्षभराची फवारणी गेली. मनापासून वाईट वाटलं.

माझी चूक कुठं झाली तेही सांगते. लेखाचं शीर्षक मी ‘यंदा चैत्र कोरडा आणि कडक’ असं दिलं होतं. मधेच एक-दोन वादळी सरी येऊ शकतात, हे वाक्य मात्र शेवटच्या परिच्छेदात होतं. शेडवर उभं राहून मोबाईल बघणारा माणूस शीर्षक वाचून पुढं जातो, हे मला कळायला हवं होतं. शीर्षक आता बदललंय, आणि ते वाक्य वर घेतलंय. ‘कोरडा’ हा शब्द तर मुळातच चुकीचा होता. अंदाज उन्हाचा होता, पावसाचा नव्हता.

पण ‘शक्यता’ हा शब्द मी सोडणार नाही. का, ते सविस्तर लिहिते.

फेब्रुवारीच्या शेवटी हवामान विभाग मार्च ते मे असा तीन महिन्यांचा अंदाज देतो. त्यात कमाल तापमान सरासरीच्या वर राहण्याची शक्यता किती, खाली राहण्याची किती, असं नकाशावर रंगानं दाखवलेलं असतं. हा सगळा हिशेब नव्वद दिवसांच्या सरासरीचा. नव्वदपैकी पंच्याऐंशी दिवस ऊन भाजून काढेल आणि पाच संध्याकाळी आभाळ फुटेल, तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. बेदाणा खराब व्हायला मात्र त्या पाचातली एक संध्याकाळ पुरते. शिवाय मार्चची आपली पावसाची सरासरीच इतकी तुटपुंजी आहे की एका चांगल्या सरीनं ती ओलांडली जाते.

२०२३ आठवा. त्या वर्षीचा फेब्रुवारी देशाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला फेब्रुवारी ठरला. पुढच्या तीन महिन्यांत मध्य भारतात उष्णतेच्या लाटांची शक्यता वाढलेली आहे, असं विभागानं सांगितलं होतं. आणि मार्चच्या मध्यावर महाराष्ट्रात गारपीट झाली. काढणीला आलेला गहू आडवा झाला, हरभरा भिजला, द्राक्षाचे मणी तडकले. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा आणि विदर्भात गारांचा खच पडला होता, ते तर कुणी विसरलेलं नाही. उलट २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च होता, उत्तरेत गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि १३ मे रोजी केंद्रानं गव्हाची निर्यात थांबवली. २०२२ काय आणि २०२३ काय, आरंभ दोन्ही वर्षी उन्हाचाच, पुढचा रस्ता मात्र वेगळा.

असं का होतं? या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकच्या आतल्या भागातून दक्षिणेकडं वाऱ्यांची एक रेषा तयार होते. बातम्यांत तिला द्रोणीय स्थिती म्हणतात. तिच्या पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून आलेला ओलसर वारा, पश्चिमेला कोरडा वारा. जिथं दोन्ही भेटतात तिथं हवा वर चढते, आणि खाली रान तापलेलं असेल तर जोरात चढते. ही रेषा आज सोलापुरावर, परवा आपल्या डोक्यावर, पुन्हा दोन दिवसांनी विजापूरकडं अशी सरकत राहते. वळीव आपल्याकडं बहुधा उगवतीकडून येतो तो यामुळंच. फेब्रुवारी-मार्चात वरची हवा अजून थंड असते, त्यामुळं गार वितळायच्या आत जमिनीवर पोचते. म्हणजे कडक ऊन हे पाऊस न येण्याचं लक्षण नाही. हवेत ओल असेल तर तेच ऊन ढगाला वर ढकलतं. ही रेषा पुढच्या चार-पाच दिवसांत कुठं असेल, हे बऱ्यापैकी सांगता येतं. दीड महिन्यानंतर कुठं असेल, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून तारखांचं. आपला एकटा सांगली जिल्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा आहे. वळवाचा एक ढग दहा-पंधरा किलोमीटरचा पट्टा भिजवतो आणि तासाभरात संपतो. एप्रिल-मे मध्ये ‘अमुक तारखेला राज्यात पाऊस’ असं कुणीही म्हणावं, कुठल्या तरी तालुक्यात तो पडतोच. ज्याच्याकडं पडला तो माणूस ‘तंतोतंत’ म्हणून व्हिडिओ पुढं पाठवतो, ज्याच्याकडं नाही पडला तो गप्प बसतो. त्या गप्प बसलेल्यांची मला काळजी वाटते, कारण त्या तारखेच्या भीतीनं कच्चा माल घाईनं उतरवणारी माणसं मी पाहिली आहेत. पंचांगाबद्दल मला आदर आहे, आमच्याकडं पाडव्याला संवत्सरफल वाचतात. पण वाहन सांगतात ते पावसाळी नक्षत्रांचं, आणि बेडूक असो की म्हैस, त्यावरून मंगळवारी पडदे सोडायचे की बुधवारी, हे ठरत नाही. त्यापेक्षा आमच्या सासूबाई चंद्राला खळं पडलेलं दाखवतात ते मी जास्त मनावर घेते. उंचावर बर्फाच्या कणांचे पातळ ढग आले की खळं दिसतं, म्हणजे वर ओल आलेली असते.

आता उपयोगाचं. तीन महिन्यांचा अंदाज बेदाण्यासाठी नाहीच. त्याचा उपयोग खरड छाटणीसाठी, म्हणजे माल उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास वेल छाटतात त्यासाठी आहे, आणि ही गोष्ट मी मूळ लेखात नीट मांडायला हवी होती. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड ठरतो, आणि त्याला लख्ख ऊन लागतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटलं तर हे दिवस मेच्या मध्यापासून सुरू होतात. महिना संपताना छाटलं तर ते सरळ जूनच्या ढगांत सापडतात. २०२५ मध्ये मे महिना पावसातच गेला, मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. उशिरा छाटलेल्या बागांच्या काड्यांना ऊन मिळालंच नाही, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड शोधावे लागले. ज्यांची खरड छाटणी अजून व्हायची आहे त्यांनी मेकडं बघून निर्णय घ्यावा, माझा सल्ला लवकर उरकण्याचा आहे. माल उतरल्यावर वेलीला विश्रांती मात्र द्या, घाईत ती विश्रांती कमी करू नका.

बेदाण्याचा हिशेब दिवसांचा आणि तासांचा. आम्ही शेडवर काय करतो ते सांगते. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला येतो, मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो. त्यात पुढच्या पाच दिवसांत विजांसह पाऊस दिसला तर आम्ही नवीन माल द्रावणात बुडवत नाही, वेलीवरच ठेवतो. तयार व्हायला आलेला माल आधी उतरवतो. पण तेवढ्यावर पडदे सोडत नाही, कारण पडदे सोडून दोन दिवस ठेवले तर वारा खेळत नाही, माल घामेजतो आणि रंग तसाही जातो. हवामान विभागाचा पिवळा इशारा, म्हणजे ‘सावध राहा’ एवढंच सांगणारा, पूर्ण जिल्ह्याला असतो, दहातल्या आठ वेळा आपल्या गावात काही होत नाही. म्हणून त्या दिवशी दोन माणसं संध्याकाळी सातपर्यंत शेडवर थांबवायची आणि दुपारी दोननंतर विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघत राहायचा. दामिनी ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. ते जिवासाठी आहे हे खरं, पण चाळीस किलोमीटरवर वीज म्हणजे ढग उभा राहिलाय, एवढं त्यातून कळतं.

हे शहाणपण मलाही फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी पावणेचारला वारा एकदम पडला. शेडवरचा कागद हलायचा थांबला. उगवतीला जतच्या अंगाला आभाळ काळं नव्हतं, मातकट होतं. धूळ असेल म्हणून मी आत हिशेब लिहीत बसले. वीस मिनिटांत वावटळ आली, पडद्याच्या दोऱ्या गाठी मारून वर बांधलेल्या होत्या, त्या सुटेनात. खालचे चार थर भिजले. तेव्हापासून आमच्या शेडवर पडद्याला सुरगाठ मारायची, एक टोक ओढलं की सुटणारी. पन्नास-साठ फुटी शेडचा पडदा दोन माणसं पाच मिनिटांत सोडतात.

रोज सकाळी साडेआठला मी पर्जन्यमापक बघते. पाडव्याआधीच्या त्या संध्याकाळी आमच्याकडं ११ मिलिमीटर पडला, वारा उत्तर-पूर्वेकडून होता. तुमचं शेड आमच्यापासून फार लांब नसावं. पाऊस किती वाजता सुरू झाला, वारा कुठून आला आणि गारा पडल्या का, एवढं लिहाल का? तुमच्या भिजलेल्या मालातला खालचा थर अजून ओला असेल तर तो वेगळा पसरा, वरच्यात मिसळू नका.